एका डोकेदुखीची कुळकथा

बदलापुराहून कल्याणाकडे जाणारी गाडी अंबरनाथ, उल्हासनगर व विठ्ठलवाडी एवढींच स्थानकें घेऊन थोड्याच वेळांत कल्याणास पोंचते. या कल्याणांत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें माहेर होतें. आनंदीबाईंची हकीकत शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असते. तरी त्यांचें चरित्र पुन्हां हातीं घेण्याचा प्रसंग मजवर आला तो कांहीं विद्वत्तेच्या हौसेनें नव्हे. आमच्या घरांतल्या एका मुलीचें डोकें दुखत होतें, म्हणून तो आला.

आम्ही हेंद्रेपाड्यांत राहतों. बदलापूरच्या पश्चिमेकडील या वस्तीच्या नांवांत अजून पाडा उरला आहे. भोंवतालीं मात्र मजल्यांवर मजले चढले आहेत. घरांत माझी वृद्ध आई, आम्ही उभयतां, आणि धाकट्या बंधूचें कुटुंब. त्याची कन्या पंधरा वर्षांची असून दहावींत आहे. गेल्या वर्षापासून दर आठ-दहा दिवसांनीं तिचें डोकें उठूं लागलें. आरंभीं ती जांभया देई, कांहींतरी आंबट-खारट मागे; मग कपाळांत ठणका सुरू होई, उजेड सोसेना, फोडणीचा वास आला तरी मळमळे. एकदां उलटी झाली व अंधारांत दोन-चार तास झोंप लागली कीं संध्याकाळीं मुलगी हसती-बोलती होई. आणि इथेंच घोटाळा झाला. सकाळीं विव्हळणारें माणूस संध्याकाळीं हसूं लागलें कीं घरच्यांना त्याच्या दुखण्याविषयीं संशय येऊं लागतो. ताप उतरावयास तीन दिवस घेतो म्हणून त्याचा मान राहतो. डोकेदुखीला तो मान नाहीं.

प्रत्येकानें आपली उपपत्ति मांडली. आई म्हणाली, "दिवसभर पुस्तकांत तोंड खुपसून बसते, मग डोकं दुखणार नाही तर काय होणार?" बंधूनें मोबाइलाकडे बोट दाखविलें. शाळेंतून एक निरोप आला, तो अधिक झोंबणारा होता: दुखणें नेमका चाचणी परीक्षेचा दिवस पाहून कसें येतें? भावजयीस चिंच व खारे शेंगदाणे यांचा संशय होता, कारण डोकें दुखण्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलीनें तेंच खाल्लेलें असे. मी पडलों शिकलेला मनुष्य. मीं डोळ्यांचा दोष गृहीत धरला व तिला चष्मेवाल्याकडे नेलें. डोळे निर्दोष निघाले. आईनें तेवढ्यांत सुंठ उगाळून कपाळास लेप दिला, जुन्या लुगड्याची पट्टी डोक्याभोंवतीं करकचून बांधली व माजघराची खिडकी लावून घेतली. हें सारें तिनें क्षणाचाही विचार न करतां केलें. इतकें नेमकें ज्ञान तिला कोठून आलें, हें विचारण्याचें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

अध्यापकाला दुसरें कांहीं सुचलें नाहीं कीं तो पुस्तकें काढतो. मींही तेंच केलें.

आपल्या जुन्या वैद्यकांत हें दुखणें चांगलें परिचयाचें आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत अर्धावभेदक हा एक. आपली अर्धशिशी ती हीच. सुश्रुतानें वेदनेचें वर्णन तर केलेंच आहे, पण मला विशेष वाटलें तें हें, कीं हा विकार पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उद्भवतो असें त्यानें नोंदलें आहे. म्हणजे कोणीतरी रोग्याच्या उशाशीं बसून दिवस मोजले होते. चरकसंहितेंत त्याचीं निमित्तें दिलीं आहेत: रूक्ष अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दंव, मलमूत्रादि वेग अडविणें, श्रम, व्यायाम वगैरे. सूर्यावर्त म्हणून एक निराळा प्रकार आहे. त्यांत सूर्य जसजसा वर चढतो तसतशी वेदना वाढते व तो कलूं लागला कीं उतरते. सूर्योदयापूर्वीं दुधांत जिलबी घालून खाण्याचा जो उपाय आपल्याकडे घरोघर सांगतात, त्याचें नातें मला या सूर्यावर्ताशीं दिसतें. आम्ही सुशिक्षित लोक त्या जिलबीस हसत आलों. पण पहाटे पोटांत कांहीं गोडधोड गेल्यावर उपाशीपोटीं उठणारें डोकें कित्येकांचें राहत असेल, अशी शंका मला पुढें येऊं लागली. ती कां, तें ओघानें येईलच.

युरोपांतील कथा याहून कठोर आहे. ग्रीक वैद्य गेलन यानें अर्ध्या डोक्याचें दुखणें या अर्थाचें जें नांव दिलें तेंच झिजत झिजत फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत मायग्रेन होऊन आलें. सतराव्या शतकांत इंग्लंडांत ॲन कॉन्वे नांवाची एक विदुषी होऊन गेली. तिचा जन्म १६३१ चा. बाराव्या वर्षीं ताप आला आणि तेव्हांपासून तिला जी डोकेदुखी जडली ती १६७९ सालीं मरेपर्यंत सुटली नाहीं. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे, मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिणारा थॉमस विलिस, असे त्या काळचे एकाहून एक श्रेष्ठ वैद्य तिला पाहून गेले. निव्वळ हस्तस्पर्शानें रोग बरे करण्याची ख्याति असलेला एक आयरिश गृहस्थही आणून झाला. शेवटीं कवटीस छिद्र पाडून घेण्याच्या तयारीनें ती १६५६ त फ्रान्सला गेली. तेथील शस्त्रवैद्यांनीं तेवढें न करतां रक्तवाहिन्या उघडून रक्त काढलें. उपयोग शून्य. विलिसला दोष रक्तवाहिन्यांच्या फुगण्यांत दिसला, आणि ही कल्पना त्याच्यामागें अडीचशें-तीनशें वर्षें टिकली. तत्त्वज्ञानावरील तिचा ग्रंथ तिच्या मरणानंतर छापला गेला व लाइब्निट्ससारख्या तत्त्ववेत्त्यानें तिचें नांव आदरानें घेतलें. एवढें कार्य तिनें पडद्याआडच्या अंधारांत पडून राहून केलें, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत मात्र एक नवी उपपत्ति निघाली आणि ती थेट माझ्या आईच्या तोंडची होती! बॉस्टनचा डॉक्टर एडवर्ड क्लार्क यानें १८७३ सालीं एक पुस्तक लिहून असें प्रतिपादलें, कीं वयांत येणाऱ्या मुलींनीं मुलांप्रमाणें सतत अभ्यास केला तर शरीराची शक्ति मेंदूकडे ओढली जाते व त्यांचें आरोग्य कायमचें बिघडतें. डोकेदुखी, अशक्तता, पांडुरोग, सगळ्यांचें मूळ पुस्तक! हें पुस्तक धडाधड खपलें. क्लार्क हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत प्राध्यापक होऊन गेलेला, तेव्हां त्याच्या शब्दास वजन होतें. त्याच वर्षीं इंग्लंडांत एडवर्ड लिव्हिंग या डॉक्टरानें अर्धशिशीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून हें मज्जासंस्थेंत वेळोवेळीं उठणारें एक वादळ आहे, असें सांगितलें होतें. तो अधिक खरा होता. पण मुलींच्या आईबापांनीं वाचला तो क्लार्क.

क्लार्कला उत्तर देणारी स्त्री भेटली, मेरी पटनम जेकोबी. तिची रीत मला फार आवडली. तिनें तत्त्वज्ञान झाडलें नाहीं. तिनें प्रश्नपत्रिका छापून स्त्रियांनाच विचारलें कीं मासिक पाळीच्या दिवसांत तुम्हांला काय होतें, काम करवतें कीं नाहीं, दुखतें तें केव्हां व किती. अडीचशेंहून अधिक स्त्रियांनीं उत्तरें लिहून पाठविलीं. कांहींच्या नाडीचें व शक्तीचें मापही तिनें महिनाभर घेतलें. त्या दिवसांत अभ्यासानें आरोग्य बिघडतें या मतास आधार नाहीं, असा तिचा निष्कर्ष निघाला. या निबंधास खुद्द हार्वर्डनेंच १८७६ सालीं आपलें बॉइल्स्टन पारितोषिक दिलें. ही जेकोबी ज्या विद्यालयांतून डॉक्टर झाली, तेंच फिलाडेल्फियाचें स्त्रियांचें वैद्यकीय विद्यालय. दहा वर्षांनीं, १८८६ च्या मार्चमध्यें, कल्याणच्या जोश्यांची लेक तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडली.

आतां आनंदीबाईंकडे येतों. त्यांचा जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षीं. पति गोपाळराव कल्याणच्या पोस्टांत नोकरीस, वयानें वीस वर्षांनीं मोठे. चौदाव्या वर्षीं मूल झालें व तें दहा दिवसांत गेलें. पुढें गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असें करीत हें जोडपें कलकत्त्यास व तेथून श्रीरामपुरास पोंचलें. या बंगालच्या मुक्कामांत, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षीं, आनंदीबाईंना सारखी डोकेदुखी, मधून मधून ताप, अशक्तपणा व कधीं श्वास लागणें असा त्रास होता. अमेरिकेंतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकांत गोपाळरावांचें पत्र वाचून या बाईंनीं आपण होऊन ओळख करून घेतली होती. त्यांनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. गुण आला नाहीं.

या डोकेदुखीला अर्धशिशी म्हणण्याचा मोह मला झाला होता, तो मीं आवरला. तापाची कणकण व श्वास लागणें हीं अर्धशिशीचीं लक्षणें नव्हेत, आणि आनंदीबाईंचा पुढें क्षयानें अंत झाला हें आपण जाणतों. सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या मुलीवर आज रोगाची चिठ्ठी चिकटविणें हा इतिहासलेखकाचा उद्धटपणा होईल. मला महत्त्वाचें वाटतें तें निराळें. त्या मुलीच्या डोकेदुखीचें कारण शोधणार कोण होतें? पति तिच्या शिक्षणाच्या ध्यासानें पछाडलेला. अभ्यास चुकला तर हात उगारणारा, हें तिनें स्वतः पुढें पत्रांतून लिहून ठेविलें आहे. शेजारपाजार म्हणणार, बायकोला शिकवतो त्याचें हें फळ. डॉक्टर पुरुष. औषध देणारी तेवढी एक स्त्री, आणि ती महासागरापलीकडे! १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं आपण अमेरिकेस कां जातों याविषयीं व्याख्यान दिलें. आमच्या देशांत हिंदु स्त्री-डॉक्टरांची अत्यंत गरज आहे, हा त्यांतला गाभा. विद्यालयास धाडलेल्या अर्जांतही त्यांनीं हेंच लिहिलें, कीं पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या भगिनींसाठीं मला हें शिकावयाचें आहे. हीं वाक्यें आपण समारंभांत कौतुकानें ऐकतों. मला तीं यंदां प्रथमच कळलीं. स्वतःचें ठणकणारें डोकें दाबून धरून एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी बोलत होती. परोपकाराची भाषा होती, पण अनुभव घरचा होता. त्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या, पदवी घेऊन आल्या आणि १८८७ च्या २६ फेब्रुवारीस, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास वारल्या. कॅरोलाइन डॉल यांचें इंग्रजी चरित्र १८८८ त व काशीबाई कानिटकरांचें मराठी चरित्र १८८९ त निघालें, त्यामुळें हें सारें आपणांस ठाऊक तरी आहे.

जेकोबीबाईंची रीत मीं घरीं लावावयाचें ठरविलें. पुतणीस एक शंभर पानी वही दिली व म्हटलें, "तुझ्या डोक्याविषयीं आजवर आम्हीच बोललों. आतां तूं लिही. केव्हां उठलीस, काय खाल्लेंस, कधीं झोंपलीस, उन्हांत गेलीस का, डोकें कधीं सुरू झालें, कधीं थांबलें. कारण लिहूं नकोस, नुसतें घडलें तें लिही." ती म्हणाली, "आणि कोणी वाचून ओरडलं तर, काका?" तसें कोणी ओरडणार नाहीं असें वचन द्यावें लागलें.

अकरा आठवड्यांची वही भरली. अकरा वेळां डोकें उठलें होतें. मीं तक्ता मांडला. पांच वेळां ती सकाळचा क्लास गांठण्यासाठीं नुसत्या चहावर घराबाहेर पडली होती व दुपारपर्यंत पोटांत कांहीं नव्हतें; त्यांतली एक तर संकष्टी होती. दोन झटके रविवारचे. आठवडाभर पांचला उठणारी मुलगी त्या दिवशीं दहापर्यंत निजली होती. परीक्षेच्या दिवसांचा उलगडाही इथेंच झाला: परीक्षेच्या धास्तीनें तिला सकाळीं घास उतरत नसे. दुखणें ढोंगाचें नव्हतें, उपासाचें होतें. मीं विजयी मुद्रेनें हा निकाल घरांत वाचून दाखविला. चिंचेचा आरोपही मागें घ्यावा लागला. आंबट-खारट खावेंसें वाटणें व जांभया येणें हीच दुखण्याची पहिली पायरी असते, खाण्यामुळें दुखणें येत नाहीं, असें आजचे तज्ज्ञ सांगतात. धुरामुळें आग लागते असें म्हणण्यासारखाच तो प्रकार होता.

उरलेल्या चार वेळांचा मात्र मेळ बसेना. झोंप पुरी, जेवण वेळेवर, ऊन नाहीं. मी दोन दिवस त्या पानांशीं झगडत होतों. सौभाग्यवतीनें वही हातांत घेतली, पानें उलटलीं आणि मजकडे पाहून हसली. "हे कोपऱ्यांतले ठिपके कसले, ते विचारलंत का तिला?" पानांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, मीं ते पेन्सिल टेकल्याच्या खुणा समजलों होतों. अकरा आठवड्यांत असे तीन पुंजके, आणि ते चारी झटके त्यांच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे. मुलीनें सारें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. काका वाचणार म्हणून एवढें तेवढें ठिपक्यांत ठेविलें होतें. इंग्रजी व मराठी मिळून आनंदीबाईंचीं दोन-दोन चरित्रें टेबलावर उघडीं टाकून बसलेल्या प्राध्यापकास हें कळावयास पत्नीची मदत लागली, हें येथें नमूद करणें भाग आहे.

वही घेऊन काकू तिला गांवांतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनीं रक्तदाब पाहिला, यंत्रानें डोळ्यांच्या आंत डोकावून पाहिलें, तिला सरळ रेषेंत चालावयास लावलें. डोकें विजेसारखें एकाएकीं फुटल्यागत कधीं दुखलें का, रोज पहाटे उलटी होते का, एकाचे दोन दिसतात का, हातापायांत कमजोरी येते का, तापाबरोबर मान आंखडते का, असे प्रश्न विचारले. यांतलें एक जरी असतें तर तातडीनें मोठ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या, असें त्या म्हणाल्या. तसें कांहीं नव्हतें. अर्धशिशीच ही. मुलांमध्यें ती बहुधा अर्ध्या डोक्यांत न येतां साऱ्या कपाळांत येते, म्हणून नांवावरून फसगत होते. वयांत येईतों मुलगे व मुली यांत तिचें प्रमाण सारखेंच असतें. पुढें मात्र स्त्रियांत तें पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतें.

तिच्या मागचें शास्त्र आतां विलिसच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांपाशीं थांबलेलें नाहीं. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानें स्वतःला झटका येण्यापूर्वीं डोळ्यांपुढें सरकणाऱ्या चकचकीत कडा कागदावर काढून मोजल्या व मेंदूवरून कांहींतरी दर मिनिटास तीन मिलिमीटर या गतीनें सरकत असलें पाहिजे, असें १९४१ सालीं मांडलें. तीनच वर्षांनीं लिऑव या ब्राझीलच्या संशोधकानें सशाच्या मेंदूंत त्याच संथ गतीनें पसरणारी लाट प्रत्यक्ष पाहिली. १९९० मध्यें झटक्याच्या वेळीं मानेंतील शिरेच्या रक्तांत मज्जातंतूंतून सुटणारें एक विशिष्ट द्रव्य वाढलेलें आढळलें, आणि २०१८ पासून त्या द्रव्याचें कार्य अडविणारीं औषधें निघालीं. आमच्या मुलीस त्यांची गरज पडली नाहीं. सकाळीं खाल्ल्यावांचून बाहेर पडावयाचें नाहीं, झोंपेची वेळ रविवारींही मोडावयाची नाहीं, दुखूं लागतांच गोळी घ्यावयाची पण आठवड्यांत दोन दिवसांहून अधिक नाहीं, कारण अति गोळ्यांनींच पुढें डोकें दुखूं लागतें. एवढाच त्यांचा उपचार. नंतरच्या तीन महिन्यांत चार झटके आले.

पण बाईंनीं एक प्रश्न आणखी विचारला होता आणि तो तसाच घरीं आला: हा विकार बहुधा वंशानें येतो, तुमच्या घरांत आणखी कोणाला आहे? उपास, जागरण, पाळी हीं सारीं निमित्तें. कारण तें, ज्यामुळें मेंदू मुळांतच असा हळवा घडला. आम्ही सर्वांनीं माना हलविल्या. घरांत कोणालाच नाहीं. आई ताक घुसळीत होती, ती मान वर न करतां म्हणाली, "नाही हो, आमच्यांत कुणाचं डोकं नाही दुखलं कधी. मला आपलं पित्त व्हायचं."

"कसलें पित्त?" मीं विचारलें.

"महिन्या-पंधरवड्याला व्हायचं. कपाळ फुटायचं, उजेड बघवायचा नाही. उलटून पडलं की मग बरं. चाळीस वर्षं काढली. पन्नाशी उलटली तशी आपोआप गेलं." आणि मग रवी थांबवून ती स्वतःच गप्प झाली.

महाराष्ट्रांत किती घरांतून किती अर्धशिश्या पित्ताच्या नांवाखालीं गेल्या असतील! मला आठवलें, आमच्या लहानपणीं आई अधूनमधून दिवसभर माजघरांत निजून राही. आम्ही मुलें दाराशीं आरडाओरड करीत असूं. संध्याकाळीं ती उठून चूल पेटवी व हसत बोलूं लागे, म्हणून आम्हांला वाटे, तिला कांहींच झालें नव्हतें.

त्या रात्रीं आईनें नातीस जवळ बोलावून ती वही मागितली. तिला आतां बारीक अक्षर दिसत नाहीं, तेव्हां नात वाचीत गेली. ठिपक्यांच्या पानाशीं ती अडली, तशी आई म्हणाली, "तेवढं कळलं मला. पुढचं वाच." वाचून झाल्यावर तिनें पाठीमागचें कोरें पान काढावयास लावलें आणि आपल्याला तिच्याएवढी असतांना पहिल्या वेळीं कोणत्या दिवशीं, काय करीत असतां डोकें उठलें, तें सांगावयास सुरुवात केली. नात लिहूं लागली.